ड्रॉवरच्या कपाटातच इस्त्रीचे टेबल आणि घडी बसवणारा दाब कसा तयार करावा

इस्त्रीचे काम झाल्यावर टेबल कुठे ठेवायचे, ही लहान घरातली नेहमीची अडचण असते. त्यावर उपाय म्हणून भिंतीत घडी होणाऱ्या फळ्या किंवा कपाटातून बाहेर ओढायची टेबले बनवली जातात. त्यांनी जागा वाचते, पण इस्त्रीच्या कामात त्यांची भर पडत नाही. लाकडी फर्निचरकडे वजन असते, सपाट पृष्ठभाग असतो आणि ते दिवसभर एका जागी स्थिर असते. घडी नीट बसायला नेमके हेच लागते, आणि तरीही बहुतेक रचनांमध्ये त्याचा उपयोग करून घेतलेला दिसत नाही.

कापडावरची सुरकुती नुसत्या उष्णतेने जात नाही. सुती धाग्यातील सेल्युलोजच्या साखळ्यांना जोडून ठेवणारे हायड्रोजन बंध ओलावा आणि उष्णता यांमुळे सैल होतात, इस्त्रीच्या वजनाखाली धागे सरळ होतात आणि कापड वाळून थंड होताना तेच बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. म्हणून गरम, किंचित दमट कपडा उचलून खुर्चीवर टाकला, तर तो थंड होईपर्यंत ज्या स्थितीत राहील त्याच स्थितीत पक्का होतो. शिंपी लोकरीच्या कोटाची शिवण वाफेने दाबल्यावर लगेच तिच्यावर पॉलिश न केलेला लाकडी ठोकळा धरून ठेवतात, त्याचे कारण हेच आहे. कोरे लाकूड वाफ शोषते आणि कापड दाबाखालीच थंड होते. सतराव्या शतकात हॉलंड आणि इंग्लंडमधील सधन घरांत लाकडी स्क्रूचा दाब असलेले लिनन प्रेस असत, आणि चादरी व टेबलावरची कापडे दमट असतानाच घडी घालून त्यांत दाबली जात. येथे दिलेल्या कपाटात तेच काम झाकणाकडे सोपवले आहे. झाकण उघडले की इस्त्रीची गादी समोर येते आणि मिटले की तेच झाकण कपड्यावर दाब देते.

उंची आणि जागा

माप घेताना इस्त्री करणाऱ्या व्यक्तीने सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. तीतून १० ते १५ सेंमी. वजा केले की गादीची उंची मिळते. कोपर १०० सेंमी.वर असेल तर गादी ८५ ते ९० सेंमी.वर हवी. हे माप गादीचे आहे, कपाटाच्या वरच्या बाजूचे नाही, कारण झाकण मिटल्यावर वरची बाजू आणखी ४ ते ५ सेंमी. उंच होते. बसून इस्त्री करणाऱ्यांना ही रचना सोयीची नाही, कारण ड्रॉवरमुळे पाय आत घ्यायला जागा उरत नाही.

लांबी १२० सेंमी. आणि खोली ५० सेंमी. ठेवल्यास चादर किंवा पडदा दोन-तीन वेळा सरकवून उरकतो. झाकण ९० अंशांहून थोडे मागे कलून स्थिर राहावे यासाठी कपाट भिंतीपासून सुमारे १० सेंमी. पुढे ठेवावे आणि मधल्या जागेत लाकडी ठोकळे घालून ते भिंतीला स्क्रूने पक्के करावे. ड्रॉवर उघडे असताना झाकण मागे पडले किंवा एका टोकावर भार आला तरी कपाट हलता कामा नये. हे बांधकाम कोणत्याही कारणाने टाळू नये.

सांगाडा आणि तळफळी

घरात भक्कम लाकडाचे किंवा प्लायवूडचे ड्रॉवरचे कपाट असेल तर नवा सांगाडा करण्याची गरज नाही. त्याचे वरचे पान काढून काम सुरू करता येते. पार्टिकल बोर्डचे कपाट मात्र या कामासाठी घेऊ नये. वाफेने त्याच्या कडा फुगतात आणि बिजागरीचे स्क्रू काही काळाने सुटतात.

सर्वांत वरच्या ड्रॉवरच्या वर साधारण १० सेंमी. उंचीची मोकळी पोकळी सोडून १८ मिमी. जाडीची तळफळी, म्हणजे गादी जिच्यावर बसेल ती फळी, बसवावी. ती फिनॉलिक गोंदाने बनवलेल्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचीच असावी. साध्या प्लायमधील युरिया गोंद उष्णता आणि ओलावा एकत्र आले की कमजोर होतो आणि थर सुटू लागतात. तळफळीला दर ५ सेंमी.वर ८ मिमी. व्यासाची छिद्रे पाडावीत, दोन्ही बाजूंनी त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात आणि पोकळीच्या मागच्या बाजूला पाट न मारता ती उघडी ठेवावी. गादीतून खाली उतरलेली वाफ या वाटेने बाहेर जाते. पोकळी आणि वरचा ड्रॉवर यांच्यामध्ये एक पातळ अखंड फळी असावी, नाहीतर ड्रॉवरमधल्या कपड्यांना दमट वास लागेल.

गादी

गादीसाठी स्पंज किंवा फोम वापरू नये. सुती कापडासाठीच्या उष्णतेवर इस्त्रीचा तवा २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्या तापाखाली फोम हळूहळू बसतो, पिवळा पडतो व ठिसूळ होतो. ४ ते ५ मिमी. जाडीच्या लोकरी नमद्याचे (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे) दोन थर किंवा जुन्या शुद्ध लोकरी ब्लँकेटची सारखी घडी हाच येथे योग्य पर्याय आहे. लोकर वाफ शोषते, दाब निघाला की पुन्हा फुलते आणि सहज पेट घेत नाही. नमद्याखाली ॲल्युमिनियमचा कागद घालण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण तो या रचनेत पाळू नये. त्याने उष्णता परत वर येते हे खरे, परंतु वाफेची खालची वाट बंद होऊन गादी ओली राहते, आणि झाकणाखाली बंद होणाऱ्या गादीला ते परवडणारे नाही.

वरून पांढऱ्या मांजरपाटाची खोळ घालावी. नवे मांजरपाट आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन त्यातली खळ पूर्ण काढावी. खळ राहिली तर पहिल्या काही दिवसांतच गादीवर इस्त्रीच्या आकाराचे तपकिरी डाग उमटतात आणि ते कपड्यांना लागतात. न धुता शिवलेली खोळ पुढे आटून गादीच्या कडा वर ओढते, हे दुसरे कारण. खोळीच्या कडेने नाडी ओवून ती तळफळीखाली ओढून बांधावी. स्टेपलने ठोकलेली खोळ दिसायला ताठ दिसते, पण वाफेने पिना गंजतात आणि धुण्यासाठी ती काढताही येत नाही.

झाकण आणि बिजागरी

सर्वांत जास्त वेळ आणि काळजी या भागाला द्यावी लागते. झाकणासाठी १८ मिमी.ची दोन प्लाय पाने पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने एकमेकांवर चिकटवून ३६ मिमी.ची जाड फळी करावी आणि रात्रभर शिकंज्यात ठेवावी. एवढी जाडी लागते, कारण पातळ झाकण कड्या लावल्यावर मध्यभागी वर उचलले जाते आणि दाब फक्त कडेलाच मिळतो. १२० बाय ५० सेंमी.चे हे झाकण साधारण १३ किलोचे होते. वजन बरेच वाटले तरी एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर ते पसरल्यावर दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन ग्रॅमच पडतात. म्हणजे नुसत्या वजनावर भागत नाही. समोर दोन आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा चार ओढून बसणाऱ्या टॉगल कड्या लावाव्या लागतात.

झाकणाच्या फक्त वरच्या बाजूला सनमायका लावला तर फळी कालांतराने वाकते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना व्हेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावावे, वरची बाजू पॉलिश करावी आणि खालची बाजू बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून कोरीच ठेवावी. शिंप्याच्या ठोकळ्याप्रमाणे ती वाफ ओढून घेईल. खालचे व्हेनियर फिकट रंगाचे निवडावे आणि त्यावर धुतलेल्या मांजरपाटाचा एक थर ताणून बांधावा, कारण गडद लाकडाचा रंग दमट कापडावर उतरतो.

झाकणाला मागच्या कडेने पूर्ण लांबीची पियानो बिजागरी बसवावी. ती थेट तळफळीच्या पातळीवर लावल्यास मागच्या बाजूला कपडा आधीच चेपला जातो आणि पुढे फट राहते. झाकण पाचरीसारखे बसते आणि पँटची क्रीज एका टोकाला धारदार तर दुसऱ्या टोकाला नावापुरती उमटते. त्यासाठी बिजागरीखाली लाकडी पट्टी घालून ती दाबलेली गादी आणि कपड्याची घडी यांच्या जाडीइतकी, म्हणजे बहुधा तळफळीपासून ९ ते १० मिमी., वर आणावी. ट्राउझर प्रेसमध्ये, म्हणजे पँटची घडी बसवणाऱ्या दाबात, मुद्दाम काळजी घ्यावी लागते ती याचीच. पट्टी आधी तात्पुरत्या दोन स्क्रूंवर बसवून चाचणी घ्यावी. गादीवर इस्त्री केलेली पँट ठेवावी, वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या एक मागच्या आणि एक पुढच्या कडेजवळ कपड्यावर ठेवून झाकण मिटावे, कड्या लावाव्यात आणि दोन्ही पट्ट्या हळूच ओढून पाहाव्यात. मागची घट्ट आणि पुढची सैल असेल तर बिजागरीखालची लाकडी पट्टी आणखी एक-दोन मिलिमीटर उचलावी. उलट असेल तर रंध्याने उतरवावी. कागदाच्या दोन्ही पट्ट्या सारख्या जोराने अडकेपर्यंत बिजागरी कायमची पक्की करू नये.

उघडलेले झाकण बोटांवर पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना गॅस स्ट्रट, म्हणजे झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे, लावावेत आणि ते झाकण जेमतेम पेलतील इतक्याच जोराचे निवडावेत. अधिक जोराचे घेतले तर ते मिटलेल्या झाकणाला सतत वर ढकलतात आणि कड्यांनी मिळवलेला दाब कमी होतो.

बाहीची फळी

रुंद गादीवर शर्टची बाही किंवा खांदा चढवता येत नाही, त्यामुळे एका टोकाला निमुळती फळी लागतेच. अमेरिकेतील न्यू हेवनच्या सारा बून यांना १८९२ साली इस्त्रीच्या फळीच्या सुधारणेचे पेटंट मिळाले, ते अशाच अरुंद, वळणदार फळीसाठी, कारण बाह्या आणि अंगासरशा कपड्यांच्या शिवणी सपाट फळीवर नीट येत नसत. ८५ सेंमी. लांबीची, एका टोकाला ३० आणि दुसऱ्या टोकाला १४ सेंमी. रुंदीची फळी कापावी, तिलाही नमदा आणि खोळ घालावी आणि तळफळीखालच्या पोकळीत दोन लाकडी खाचांमध्ये ती आडवी सरकेल अशी बसवावी. किमान ३० सेंमी. भाग आत राहिला पाहिजे. तेवढी पकड नसेल तर टोकावर जोर देताच ती खाली झुकते.

वीज आणि इस्त्री ठेवण्याची जागा

गरम इस्त्री झाकणाच्या आवाक्यात कधीही ठेवायची नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजव्या बाजूला, झाकणाबाहेर, ओढून काढण्याजोगा छोटा ट्रे करावा आणि त्यावर सिरॅमिकची फरशी बसवावी. डावखुऱ्यांनी तो डावीकडे करावा. बाहीची फळी त्याच्या विरुद्ध टोकाला येते. २३० व्होल्टवर १००० वॉटची इस्त्री सुमारे ४.४ अँपिअर आणि २००० वॉटची वाफेची इस्त्री सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. दुसऱ्या प्रकारासाठी १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट भिंतीवर बसवून घ्यावा. गुंडाळी केलेल्या एक्स्टेन्शन वायरवर एवढा भार टाकल्यास ती तापते. वायर झाकण आणि तळफळी यांच्यामध्ये येणार नाही अशीच सॉकेटची जागा ठरवावी.

वापरताना

कपड्याच्या लेबलवरील इस्त्रीच्या चिन्हातील एक टिंब म्हणजे कमाल ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंश. लोकरीच्या पँटसाठी दोन टिंबांचा ताप ठेवावा. दोन्ही पायांच्या आतल्या आणि बाहेरच्या शिवणी एकावर एक जुळवून पँट पसरावी, वर पिळलेले सुती फडके घालावे आणि इस्त्री न सरकवता उचलून-ठेवून दाबावी. सरकवल्याने क्रीज बाजूला पळते. फडके काढताच कपडा गरम असतानाच झाकण मिटावे आणि कड्या लावाव्यात. दहा ते पंधरा मिनिटांनी झाकण उघडून पँट हँगरवर लावावी. चेन, बटणे आणि जाड कमरपट्टा गादीच्या कडेबाहेर राहिला पाहिजे, नाहीतर त्यांचा ठसा उमटतो आणि झाकण वर उचललेले राहते.

मखमल, कॉर्डरॉय आणि टिकल्या किंवा खडे चिकटवलेले कपडे यात घालू नयेत; मखमलीची लव एकदा चेपली की ती पूर्ववत करणे कठीण असते. पॉलिस्टर कमी तापावर करावे, कारण जास्त तापाने तो धागा मऊ होऊन तेथे चकाकी येते.

हाताला ओला लागेल असा कपडा दाबात ठेवू नये आणि इस्त्री संपल्यावर झाकण लगेच मिटू नये. गादी हाताला पूर्ण कोरडी लागेपर्यंत ते उघडेच ठेवावे. दमट हवेत याला काही तास लागतात. खोळ नियमित धुवावी आणि त्याच वेळी नमदा उलटा करून अंथरावा. नमदा एकाच जागी चेपला गेला की वर्तमानपत्राच्या पट्ट्यांची चाचणी पुन्हा घ्यावी आणि पट्ट्या सारख्या अडकत नसतील तर नमद्याचा वरचा थर बदलावा.