नो-स्पिन चाकूफेक शिकायचीय? आधी तर्जनी शिका

चाकूफेक म्हटलं की डोळ्यासमोर सर्कशीतला गरगरत जाणारा चाकू येतो, त्यात अंतर ठरलेलं असतं आणि अर्धं पाऊल चुकलं की चाकू मुठीकडून आदळतो. नो-स्पिनमध्ये चाकू टोक वर असतानाच हातातून निघतो आणि जेमतेम पाव वळण घेऊन सरळ घुसतो. जपानमध्ये बो-शुरिकेन म्हणजे लोखंडी सळया अशाच फेकायचे, तिथे या फेकीला जिकिदाहो म्हणतात.

माझं स्पष्ट मत, सुरुवात चाकूने नको, स्पाइकने म्हणजे टोक काढलेल्या लोखंडी सळईने करा. फॅब्रिकेशनवाल्याकडून 10 मिमीचा साधा गोल बार घ्या (टीएमटी म्हणजे बांधकामाची सळई नको, तिच्या रेघांवर बोट अडकतं) आणि 20-22 सेंमीचे पाच तुकडे कापून घ्या, एक साधारण 130 ग्रॅमचा होतो. एका बाजूला ग्राइंडरवर टोक काढायचं, पण सुईसारखं नाही, ते पहिल्याच दिवशी वाकतं. मागचं टोक मात्र पॉलिश पेपरने एकदम गुळगुळीत करा. माझ्या पहिल्या बारला तिथे कापल्याची धार राहिली होती, वीसेक फेकीत तर्जनीचं कातडं सोललं आणि आठवडाभर सगळं बंद. पुढे चाकू घ्याल तेव्हा बिनधारेचा, फक्त टोक असलेला घ्या, आणि पातं 9 इंचांच्या आतच ठेवा कारण त्यापुढे शस्त्र कायद्याची भानगड येते.

टार्गेटसाठी वखारीतून सावर किंवा पांगाऱ्याचा जाड ओंडका आणा, बाभूळ-साग नको, स्पाइक उलटा उसळतो. कापलेली बाजू, म्हणजे वर्तुळं दिसतात ती, तुमच्याकडे ठेवा आणि आदल्या रात्री पाणी मारा. पायात बूट, डोळ्यांवर गॉगल, बघणारे सगळे तुमच्या मागे आणि लांब, टार्गेटच्या मागे भक्कम भिंत. पाचही फेकून झाल्याशिवाय कोणीही पुढे जायचं नाही, पोरं किंवा कुत्रं फिरत असेल तर त्या दिवशी फेकूच नका, यात तडजोड नाही.

आता पकड. बार तळहातात उभा, टोक वर, तर्जनी बारच्या पाठीवर सरळ टेकलेली, बाकीची बोटं आणि अंगठा इतके सैल की दुसऱ्याने ओढला तर सुटेल. उजवा हात असेल तर डावा पाय पुढे, टार्गेटपासून 2 मीटर. हात कानाजवळ न्या आणि भिंतीला चुना मारताना ब्रश वरून खाली ओढतो तसा समोर खाली आणा. मनगट झटकायचं नाही!! क्रिकेट खेळलेल्यांना हे फार जड जातं, बाउंड्रीवरून थ्रो करायची सवय मनगटात बसलेली असते. बार सोडायचा नसतो, तो निसटतो, आणि निसटताना तर्जनी त्याच्या पाठीवरून शेवटच्या टोकापर्यंत घासत जाते, बारच्या फिरण्याला तोच ब्रेक. बोटाच्या पेराखालून मागचं टोक सर्रकन गेलेलं जाणवलं की समजा फेक जमली, रुतला की नाही ते नंतर.

चुकलं कुठे ते ओंडकाच सांगतो. मागचं टोक वर आणि अणी खाली असेल तर बार जास्त फिरलाय, म्हणजे बोट लवकर सुटलं किंवा मनगट झटकलं. मागचं टोक खाली लोंबत असेल तर कमी फिरलाय, बोटाचा दाब हलका करा. आणि जोर वाढवून काही होत नाही, नवीन माणूस हमखास तिथेच जातो, बार जोरात आदळतो आणि जोरातच परत येतो.

10 पैकी 7 रुतायला लागले की अर्धं पाऊल मागे, पुन्हा 7 आले की अजून अर्धं. मला 2 वरून 3 मीटरला यायला दीड महिना लागला, रोज वीस-पंचवीस मिनिटं. खांदा भरून आला की थांबा, दमलेल्या हाताने मनगट आपोआप झटकायला लागतं. आणि आवरण्याआधी प्रत्येक बारच्या मागच्या टोकावरून अंगठा फिरवून बघा, एकमेकांवर आपटून तिथे बारीक कंगोरे उठतात, ते लगेच घासून टाका.