न भिणारं लेकरू: ऑटिझम असलेल्या घरात या चुका टाळा

मिक्सर लागला की कानावर हात ठेवून कोपऱ्यात दडणारं पोर बिनकठड्याच्या विहिरीवर मात्र खुशाल पाय सोडून बसतं. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या लेकराच्या घरी हे कोडं रोजचंच. न्हाव्याच्या मशीनला भिणार, वरातीतल्या डीजेला भिणार. गच्चीची कड, मागं येणारा ट्रॅक्टर, शेततळं यांचं काहीच वाटणार नाही. म्हणजे भीती आहे, पण आपल्याला हवी त्या जागी नाही. मिक्सरचा आवाज त्याला तिथल्या तिथं टोचतो, खोल पाणी टोचत नाही. पाण्यातला धोका कळायला पुढं काय होईल ते मनात जुळवावं लागतं. इतर लेकरं मायचा घाबरा चेहरा बघून जे शिकतात, तेही या लेकराकडून बरेचदा निसटतं.

म्हणून भीती घालण्याची चूक आधी सोडा. ‘तिकडं हडळ आहे’, ‘पोलीस धरून नेतील’ असं सांगितलं की एक तर त्याला काहीच वाटत नाही, नाहीतर भीती भलत्याच ठिकाणी बसते: विहीर तशीच राहते आणि पोर शेताकडं यायलाच नकार देतं. पोलिसांची भीती तर उलट अंगावर येते, कारण हरवल्यावर त्याला शोधायला खाकी कपड्यातलाच माणूस येणार आहे. ‘एकदा चटका बसू द्या, आपोआप शिकंल’ हा थोरामोठ्यांचा सल्लाही इथं चालत नाही. दुखणं आणि तापमान जाणवत नसल्यासारखं वागणं हे ‘डीएसएम-५’ या २०१३ च्या निदानपुस्तिकेत ऑटिझमच्या लक्षणांतच दिलेलं आहे. चटका बसूनही तेच पोर पुन्हा त्याच तव्याकडं जाऊ शकतं.

त्यापेक्षा डोळ्यांना दिसेल अशी हद्द आखा. फाटकापाशी चुन्याचा किंवा पेंटचा पट्टा मारा. पट्टा आला की थांबायचं, माणसाचा हात धरायचा, मगच पुढं. रोज त्याच जागी, त्याच शब्दांत, आणि थांबल्यावर त्याच्या आवडीचं काहीतरी लगेच हातावर. एक गोष्ट मात्र घरोघर राहून जाते. इथल्या फाटकावर शिकलेलं पोर आजोळच्या फाटकावर थांबेलच असं नाही. तिथं पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. त्याला हट्टी म्हणू नका.

गच्चीच्या कडेला उभ्या पोराला ‘अरे पडशील!’ म्हणून ओरडणं ही दुसरी चूक. पडशील हे ऐकून करायचं काय, ते त्यात नाहीच. ‘खाली बस’, ‘माझ्याकडं ये’ असे दोनच शब्द सांगा. पाठलागही करू नका. कित्येक लेकरांना तो खेळच वाटतो. मोकळ्या रानात बाजूनं वळसा घालून समोर या. रस्ता किंवा पाणी जवळ असेल तर अर्थात पळाच.

आता पाण्याचं, कारण सगळ्यात जास्त घात तिथंच होतो. अमेरिकेत २०१२ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत ऑटिझम असलेल्या चार वर्षांवरच्या लेकरांपैकी ४९ टक्क्यांनी एकदा तरी सुरक्षित जागेवरून निघून जायचा प्रयत्न केला होता. अशा निसटलेल्या लेकरांच्या मृत्यूंमागं बुडणं हे मोठं कारण दिसतं. आपल्याकडं तर बीड-जालन्यापासून लातूर-नांदेडपर्यंत शिवारात शेततळी आहेत. शेततळ्याच्या उतारावर पन्नी असते. ओली झाली की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तळं आपलं असेल तर कुंपण करा आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा. तळं शेजाऱ्याचं असेल तर संकोच न करता त्याच्याशी बोला. अंगणातल्या हौदाला झाकण आणि कडी लावा.

लेकरू दिसत नाही म्हटल्यावर आधी माळवद, बाजेखाली, शेजारी असं शोधत बसतात. उलटं करा: पहिला माणूस विहिरीकडं, दुसरा शेततळ्याकडं, घर नंतर. पोहायला जरूर शिकवा, पण नुसतं भोपळा किंवा डबा बांधून नको. पडेल तेव्हा पाठीला डबा नसणार. पोहणाऱ्या मोठ्या माणसाच्या हाताखाली, थोडं आल्यावर अंगातल्या कपड्यांसकटही सराव करून घ्या. पोहता आलं म्हणून नजर मात्र काढायची नाही.

घर भरलेलं असलं की पोर सुरक्षित, हा मोठा गैरसमज. लग्नात, पोळ्याला, माळेगावच्या यात्रेत दहा माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. लेकरू एकाच्याच ताब्यात असावं. बदलताना तोंडानं सांगा, ‘काका, आता तुमच्याकडं’, आणि ‘हो’ ऐकल्याशिवाय हलू नका.

बाजेला बांधून ठेवणं किंवा खोलीत कोंडून शेतावर जाणं, यामागची मजबुरी कळते, सोयाबीन काढणीला घरात माणूस राहत नाही. तरीही नको. आग लागली तर त्याला बाहेर पडता येणार नाही, आणि सुटलं की ते दुप्पट वेगानं पळेल. कडी उंचावर लावा, दाराला घुंगरं बांधा. ते पळतं कशासाठी, हे आठवडाभर लिहून काढा. उड्या, उंची, वेग ही शरीराची भूक असेल तर घरातला झोका, ट्रॅक्टरची जुनी ट्यूब, धान्याची थप्पी हे रोज ठरल्या वेळी द्या. गोंगाटापासून पळत असेल तर शांत कोपरा द्या.

रडत नाही म्हणजे लागलं नाही असं धरू नका. रोज आंघोळीच्या वेळी अंग तपासा: काटा, सूज, भाजलेलं. लंगडत असेल तर डॉक्टरला दाखवा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा तहान सांगेल याची वाट न बघता घड्याळ बघून पाणी पाजा.

गावाला न सांगणं ही लाजेपोटी होणारी चूक. पोलीस पाटील, चहावाला, एसटी स्टँडवरचा कंट्रोलर, पलीकडच्या वस्तीवरचे लोक, सगळ्यांना पोराचा फोटो आणि आपला नंबर द्या. गळ्यातलं लॉकेट ओढून टाकत असेल तर सदऱ्याच्या आतून नंबर शिवा किंवा करदोट्याला नंबर कोरलेली पट्टी ओवा. करदोटा जन्मापासून कमरेला असतो, त्यामुळं तो सहसा खुपत नाही.

कागदपत्रं पुढं ढकलू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निघतं. ‘निरामय’ या आरोग्य विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या केंद्राची चौकशी करा.

लेकरू हरवलं तर ११२ (पोलीस व तातडीची मदत) आणि १०९८ (चाइल्डलाइन) वर लगेच फोन करा, चोवीस तास थांबायची गरज नाही. फोनवर नुसतं ‘मुलगा हरवला’ म्हणू नका. ऑटिझम आहे, हाक मारल्यावर ओ देणार नाही, पाण्याकडं जातो, अंगावर कोणत्या रंगाचे कपडे आहेत आणि जवळचं शेततळं कुठं आहे, हे सगळं पहिल्याच फोनमध्ये सांगा.