शेळ्यांच्या शेडवर आरोग्य आणि पैदास तपासणी: नव्याने जाणाऱ्यांसाठी

मुरबाड-शहापूरकडच्या शेडवर इंटर्नशिपला किंवा मदतनीस म्हणून जाल तेव्हा पहिला अर्धा तास एकाही शेळीला हात लावू नका. सकाळी चारा पडताना गव्हाणीपाशी उभे राहा. मागे रेंगाळणारी, गुडघे टेकून खाणारी, शेपटीखाली पातळ लेंडीने माखलेली, अशांचे बिल्ला नंबर आधी टिपा. कळप एकदा पळवला की श्वास आणि ताप दोन्ही चढतात. मग थर्मामीटरवरचे 104 आजाराचे की धावपळीचे, हे सांगता येत नाही. निरोगी शेळीचे तापमान साधारण 101.5 ते 103.5 फॅरनहाइट, श्वास मिनिटाला 15 ते 30. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) मूठ टेकवली की मिनिटात एक-दोनदा कोटीपोट, म्हणजे चारा साठवणारे मोठे पोट, हाताला उचलताना जाणवले पाहिजे.

पापणीवर मात्र वेळ घाला. खालची पापणी उलटून उजेडात पाहा. लालसर असेल तर ठीक, पांढरट म्हणजे रक्त कमी झालेले. पावसाळ्यात याचे नेहमीचे कारण चौथ्या पोटातला रक्त पिणारा जंत, हिमोंकस. भातखाचरांच्या कडेने चरणाऱ्या कळपात यकृतातले चपटे जंतही असतात आणि इथेच फसगत होते: मिठाच्या पाण्यावर लेंडी तपासली तर त्यांची जड अंडी वर तरंगत नाहीत, तळाचा गाळ पाहावा लागतो. सरसकट सगळ्यांना औषध पाजू नये, त्याने औषधाला दाद न देणारेच जंत मागे उरतात. वजन अंदाजाने धरून कमी मात्रा दिली तरी तेच होते. ताणकाटा जवळ ठेवा. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, गर्भात व्यंग येऊ शकते.

पैदाशीची तपासणी बोकडापासून सुरू करा. एक शेळी वांझ निघाली तर एकीचे नुकसान. एका बोकडावर पंचवीस-तीस शेळ्या असतात. दोन्ही वृषणे सारख्या आकाराची, घट्ट पण टणक नसलेली आणि पिशवीत मोकळी सरकणारी हवीत. खालच्या टोकाला गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तो वापरू नये. एकच वृषण उतरलेला बोकड कितीही देखणा असला तरी बाद, कारण हा दोष पिलांत उतरतो. बिनशिंगी बोकडाला बिनशिंगी शेळी लावू नका. अशा जोडीतून ना धड पाट (मादी) ना धड बोकड अशी वांझ करडे निघू शकतात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. त्यामुळे मे महिन्यात ताप येऊन गेलेला बोकड जूनमध्ये उड्या मारतो, पण शेळ्या गाभण राहत नाहीत. वेगवेगळ्या शेळ्या 21 दिवसांनी उलटू लागल्या, म्हणजे पुन्हा माजावर येऊ लागल्या, की आधी बोकडाची नोंद काढा.

बकरी ईदच्या तोंडावर भिवंडी-मुंब्र्याचे गिऱ्हाईक आले की सर्वांत झपाट्याने वाढलेला बोकड विकला जातो आणि उरलेला पैदाशीला राहतो. चार-पाच वर्षे हे चालले की करडांची वाढ मंदावते. पैदाशीचे बोकड ईदच्या आधीच निवडून वेगळे नोंदवायला मालकाला पटवा. हे काम औषधपाण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

शेळीत कमरेचा मणका चाचपा: हाडे टोचली तर आधी खुराक, मग बोकड. सडांत गाठी आहेत का पाहा. माज 24 ते 36 तास टिकतो; सकाळी दिसला तर संध्याकाळी फळवा (बोकड लावा). सोनोग्राफी 45 दिवसांच्या सुमारास करा आणि नुसते पाणी पाहून ‘गाभण’ लिहू नका. खोट्या गाभणपणातही गर्भाशय पाण्याने भरते. पिलू किंवा वारेच्या गाठी दिसायला हव्यात.

गाभडलेले पिलू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, गाभडायला लावणारा ब्रुसेला हा जंतूचा आजार माणसालाही होतो. हातमोजे घाला, चुना टाकून खोल पुरा आणि त्या शेळीचे रक्त साध्या नळीत घेऊन तपासणीला पाठवा.