मारुतीच्या जिमनी गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल तपासायला निघताय? आधी एवढं करा

सगळ्यात आधी घरीच इग्निशन ऑन करून डॅशबोर्ड बघा, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा) दिवा पेटून राहत असेल तर कुठेच जाऊ नका, कारण ट्रॅक्शन कंट्रोलला, म्हणजे गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणाऱ्या सिस्टिमला, चाक फिरतंय किती हे सांगणारे सेन्सर एबीएसचेच आणि ब्रेक लावणारा पंपही त्याचाच. चारही टायर एकाच साइजचे आणि साधारण सारखेच झिजलेले पाहिजेत, नाहीतर कॉम्प्युटरला उगाच वाटतं एखादं चाक जास्त फिरतंय.

जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचं पडीक रान, विचारून घेतलेलं. टेकडीवर किंवा फॉरेस्टच्या हद्दीत घुसू नका. आणि चिखल नको! चिखलात चारही चाकं एकदमच घसरतात मग बिचारं ट्रॅक्शन कंट्रोल ताकद पाठवणार कुठे, त्याचं काम एवढंच की हवेतल्या चाकाला ब्रेक लावायचा म्हणजे त्याच अॅक्सलच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. म्हणून पावसाळा संपल्यावरचा कोरडा मुरूम बेस्ट.

फावडं घ्याच. दोन खड्डे तिरके खणायचे, एक पुढच्या डाव्या चाकासाठी, एक मागच्या उजव्या. आधी वीतभर खणा, गाडी घाला, चाकं लोंबकळत नसतील तर अजून खणा, जिमनीचे अॅक्सल बरेच वाकडेतिकडे होतात त्यामुळे वाटतं त्यापेक्षा खोल जावं लागतं. मधे दगड ठेवू नका, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी असला तरी डिफरन्शियलचा गोळा (अॅक्सलच्या खाली लोंबणारा) टेकला की टेस्ट ट्रॅक्शनची राहत नाही, नुसतं पोट अडकल्याची होते. चाकांच्या लाइनवर फक्की टाका, म्हणजे दरवेळी गाडी त्याच जागी येते. हे लोक करत नाहीत आणि मग म्हणतात मगाशी निघाली होती, आता का नाही.

सोबत दुसरी गाडी, रिकव्हरी स्ट्रॅप (अडकलेली गाडी ओढायचा पट्टा), शॅकल (तो अडकवायची लोखंडी कडी), प्रेशर गेज, कंप्रेसर. स्ट्रॅप टो-बॉलला (मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) अडकवायचा नाही म्हणजे नाही, तो बॉल तुटून उडाला तर माणूस जातो. बाहेरून इशारे करणारा एकच माणूस ठेवा, चार जण ओरडायला लागले की ड्रायव्हर कुणाचंच ऐकत नाही. एक मोबाइल चाकाच्या उंचीवर ठेवून शूट करा, आत बसून काहीच दिसत नाही.

आता क्रम. पहिल्यांदा टू हाय (फक्त मागच्या चाकांना ताकद), मग फोर हाय (चारही चाकांना), मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये फोर लो (चारही चाकांना, वेग कमी पण जोर जास्त), आणि टायरमधली हवा मधेच कमी करू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला. फोर लोमध्ये सिस्टिम इंजिनची ताकद न कापता ब्रेक लावते, फरक तिथेच कळतो. अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर. चाक गरगरलं की सगळे घाबरून अॅक्सिलरेटर सोडतात आणि तिथेच माती होते, पाय तसाच स्थिर ठेवा, दोन-तीन सेकंदांत खर्रखर्र आवाज येतो, तो पंपाचा, बिघाड नाही. पाच सेकंदांत हललीच नाही तर थांबा, मागे घ्या. सलग पाच-सहा वेळा केलंत तर ब्रेक तापतात आणि सिस्टिम स्वतःच काही वेळ सुट्टी घेते, तेव्हा चहाचा थर्मास न्या, गाडी थंड होईपर्यंत दुसरं काम नसतं.

डांबरी रस्त्याला लागायच्या आधी परत टू हाय टाका, आणि पहिल्या ब्रेकला किरकिर आली तर डिस्कच्या पत्र्यात खडा अडकलाय का बघा.