पोलिसांची प्रेसनोट आणि गुन्ह्याची बातमी : या चुका टाळा

सायंकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास कोल्हापुरातील क्राइम रिपोर्टरच्या मोबाइलवर प्रेसनोट येते. सोबत एक छायाचित्र असते. त्यात हस्तगत केलेल्या दुचाकी रांगेत उभ्या असतात, पुढे काळे बुरखे घातलेले दोन तरुण असतात आणि मागे तपास पथक असते. खाली मजकुरात मात्र त्याच तरुणांचे नाव, वडिलांचे नाव, वय, गल्ली आणि पेठ अशी इत्थंभूत माहिती लिहिलेली असते. चेहरा झाकायचा आणि पत्ता उघडा ठेवायचा, असे का होते, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडत आला आहे. बुरखा कशासाठी घातला जातो, याचाच विसर पडला आहे, असे माझे उत्तर आहे.

बुरखा ओळख परेडसाठी, म्हणजे साक्षीदाराने अनेकांतून संशयिताला ओळखण्याच्या प्रक्रियेसाठी असतो. साक्षीदाराने संशयिताचा चेहरा आधीच फोनवर पाहिला असेल, तर परेडला अर्थ उरत नाही आणि बचाव पक्षाचे वकील उलटतपासणीत नेमके तेच विचारतात. संशयिताला ताब्यात घेताना दुपारीच कोणीतरी काढलेला उघड्या चेहऱ्याचा फोटो ग्रुपवर गेला असेल, तर सायंकाळच्या बुरख्याचा काही उपयोग नाही. यावर उपाय सोपा आहे. छायाचित्र आणि मजकूर ठरवून दिलेल्या एकाच अधिकाऱ्याकडून बाहेर जावा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१० च्या सूचनांचाही रोख हाच आहे : नेमलेल्या अधिकाऱ्यानेच बोलावे, अटक केलेल्यांना माध्यमांसमोर मिरवू नये, आणि पहिल्या ४८ तासांत घटना काय व तपास सुरू झाला आहे, यापलीकडे तपशील देऊ नये.

नावाबद्दल मात्र उलटा गैरसमजही आहे. अटक झालेल्या प्रौढ व्यक्तीचे नाव गुप्त नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचे असते आणि त्याची जबाबदारी सहायक फौजदार किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. चूक होते ती ‘चौकशीसाठी बोलावले’, ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ हे तीन वेगळे शब्द एकाच अर्थाने वापरताना. चौकशीला बोलावलेला माणूस रात्री घरी परत येतो, पण सकाळच्या अंकात तो ‘जेरबंद’ झालेला असतो. प्रेसनोटमध्ये अटकेची वेळ नसेल, तर ठाणे अंमलदाराला फोन करून अटक नोंदवली आहे का, एवढे विचारल्याशिवाय नाव छापू नये.

सर्वाधिक हानी करणारे वाक्य आपल्या सर्वांच्या तोंडी बसले आहे : ‘पोलिसी खाक्या दाखवताच संशयिताने गुन्ह्याची कबुली दिली.’ पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट संबंधित भागापुरताच अपवाद आहे. म्हणजे हे वाक्य खटल्याला उपयोगी पडत नाही, उलट ‘खाक्या’ या शब्दाने बळजबरीचा आरोप करायला आयते निमित्त मिळते. त्याऐवजी ‘संशयिताच्या ताब्यातून अमुक मुद्देमाल पंचांसमक्ष जप्त केला आहे’ असे लिहावे. ‘सराईत’ हा शब्दही असाच आहे. पूर्वीचे गुन्हे किती, कोणत्या ठाण्यात आणि त्यांचे पुढे काय झाले, हे सांगता येत नसेल तर तो शब्द गाळावा.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेच्या ओळखीबाबतची चूक अधिक सूक्ष्म आहे, कारण तिथे सगळ्यांना आपण नियम पाळल्यासारखे वाटते. नाव छापलेले नसते, परंतु तालुका, गाव, शाळा, इयत्ता, वडिलांचा व्यवसाय आणि आरोपीचे ‘चुलत मामा’ हे नाते, असे सगळे छापलेले असते. दोन हजार वस्तीच्या गावात यातील तीन तपशील पुरेसे होतात, आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ओळख उघड करू शकेल असा कोणताही मजकूर प्रसिद्ध केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायद्यांतही अशीच बंधने आहेत, आणि बाल न्याय कायद्यातील बंधन केवळ पीडित बालकापुरते नसून विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकालाही लागू आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात दूरान्वयानेही ओळख पटू नये, असे बजावले. बातमी पाठवण्यापूर्वी त्याच गावातला शेजारी ती वाचतो आहे, अशी कल्पना करावी. त्याला घर ओळखता येत असेल, तर तपशील कमी करावा, गरज पडल्यास गावाचे नावही.

दुसरे टोक म्हणजे पोलिसांचे मौन. ‘तपास सुरू आहे’ एवढे सांगून फोन ठेवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो, त्यामुळे तो आधी तिथे पाहावा. माहिती अधिकारात अर्ज केला आणि तपासाचे कारण देऊन तो फेटाळला, तर अपिलात २००७ च्या भगतसिंग प्रकरणातील दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल मांडावा. तपास चालू असणे पुरेसे नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे दाखवावे लागते, असे त्यात म्हटले आहे.

महापुराच्या दिवसांत मौनाची किंमत कोल्हापूरकरांना चांगलीच ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा कोणता रस्ता सुरू आणि कोणता बंद, हाच प्रत्येक घरातला प्रश्न होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. पण सकाळी आठची नोंद रात्री दहाला वेळेविना फिरू लागली की खरी माहितीही अफवेसारखीच वागते. म्हणून प्रत्येक सूचनेच्या पहिल्याच ओळीत तारीख आणि वेळ हवी. चुकीची सूचना गेली असेल, तर ती गुपचूप पुसू नये. त्याच ग्रुपवर, मूळ सूचनेचा उल्लेख करून दुरुस्ती द्यावी, कारण तोवर तिचे स्क्रीनशॉट शिरोळपर्यंत पोहोचलेले असतात.

एक चूक मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. २०१० च्या त्याच सूचनांत माहिती देण्याचे चार टप्पे आहेत : गुन्ह्याची नोंद, अटक, दोषारोपपत्र आणि निकाल. प्रेसनोटा पहिल्या दोन टप्प्यांवर थांबतात आणि आपल्या बातम्याही. निर्दोष सुटलेल्या माणसाचे नाव इंटरनेटवर शोधले, तर अटकेचीच बातमी वर येते, आणि त्याच्या मुलीचे लग्न ठरवताना पाहुणे तीच वाचतात. वार्ताहराने बातमीसोबत पोलीस ठाणे, गुन्हा नोंद क्रमांक आणि वर्ष वहीत लिहून ठेवले, तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाने खटल्याची पुढची तारीख आणि निकाल पाहता येतो. निकाल लागला की जुन्या बातमीच्या वर, त्याच पानावर, एका ओळीत तो लिहावा.