गस्तीची फेरी ‘चुकलेली’ का दिसत होती?

आमच्या कारखान्यात रात्रपाळीचे सुरक्षारक्षक पंपघर, ट्रान्सफॉर्मरचे कुंपण, मागचे फाटक अशा ठिकाणी लावलेले आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी आपला क्रमांक कळवणाऱ्या छोट्या चकत्या) हातातल्या रीडरने वाचत, तरीही सकाळच्या अहवालात पंपघराची फेरी हटकून ‘चुकलेली’ दिसे आणि बोलणी मात्र रक्षकांना खावी लागत. मी स्वतः रीडर घेऊन पंपघराच्या लोखंडी दाराशी गेलो, तेव्हा तो तिथल्या टॅगला टेकवूनही बीप वाजेना. १३.५६ मेगाहर्ट्झच्या या टॅगमध्ये बॅटरी नसते. त्याला ऊर्जा रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातूनच मिळते, आणि मागे लोखंडी पत्रा असला की त्यात निर्माण होणारे भोवरा प्रवाह (धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह) ते क्षेत्र क्षीण करतात. तोच टॅग सोलून विटांच्या भिंतीवर धरताच वाचला गेला. मग पंपघराच्या दारावर फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर असलेला, खास धातूसाठीचा टॅग लावला. शिवाय, दारापर्यंत जाणे म्हणजे काम झाले असे नव्हे (हे व्यवस्थापनाला पटवणेच अधिक कठीण गेले), म्हणून अग्निशमन पंपाच्या दाबमापकाशेजारी वेगळा टॅग बसवला. टॅग बदलल्यावर नवा क्रमांक संगणकात त्या ठिकाणाशी जोडावा लागतो, अन्यथा वाचलेला टॅगही अहवालात अनोळखी ठरतो.