'शार्प'ला स्पॅनिशमध्ये नेताना

मी पुण्यात घरी बसून इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये अनुवाद करते. 'शार्प' दिसला की माझा हात आजही थांबतो. कोश उघडला की समोर येतो 'आफिलादो', म्हणजे धार लावलेला. सुरी-कात्रीला तो अगदी चपखल बसतो, पण म्हणून तो सगळीकडे चालवू नका.

आधी शेजारचं नाम बघा आणि ते मराठीत म्हणा. सुरी धारदार, बुद्धी तल्लख, वळण अवघड, फोटो स्वच्छ. आपली भाषा अर्थ आपसूक वेगळे करून देते. मग एकेकाला स्पॅनिश शोधा. बुद्धी 'आगुदा', फोटो 'नितिदा', वळण मात्र 'सेर्रादा', म्हणजे बंद! जिभेला दोन्ही भाषांत धारच असते: 'लेंग्वा आफिलादा'. पाचच्या ठोक्याला म्हणायचं तर 'आ लास सिंको एन पुंतो'. संगीतात 'शार्प' म्हणजे अर्धा स्वर चढवलेला, तो 'सोस्तेनिदो'; पाश्चात्त्य 'दो'ला सा धरलात तर आपला तीव्र मध्यम म्हणजे 'फा सोस्तेनिदो'.

सगळ्यात जास्त जपायचं ते वेदनेपाशी. रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकात 'शार्प पेन'साठी मी 'दोलोर आगुदो' लिहिलं होतं. व्याकरण बरोबर, शब्दही प्रचलित. पण वैद्यकात 'आगुदो'चा विरुद्ध शब्द 'क्रोनिको', जुनाट. म्हणजे डॉक्टर त्यातून 'नुकतं सुरू झालेलं दुखणं' असं वाचू शकतात, आणि पेशंटला तर सांगायचं असतं की सुई टोचल्यासारखी कळ येते. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'पुन्सान्ते' केलं, टोचणारं. तेव्हापासून दुखण्याबद्दल लिहिताना मी आधी विचारते: किती दिवसांचं, की कसं? 'कसं' असेल तर 'पुन्सान्ते'.

आवाजाचंही तसंच. 'बोस आगुदा' म्हणजे चढ्या पट्टीचा, बारीक आवाज. कोणी फटकारून बोललं असेल तर 'तोनो कोर्तान्ते' लिहा, कापणारा सूर.

शेवटी नाम-विशेषणाची जोडी पडताळा. स्पॅनिश अकादमीचा 'कोर्पेस' हा एकविसाव्या शतकातल्या मजकुरांचा संग्रह इंटरनेटवर मोफत आहे. तिथे 'कुर्बा', म्हणजे वळण, टाका आणि तिच्या शेजारी कोणती विशेषणं येतात ते वाचा. देशानुसारही शोधता येतं. मेक्सिकोच्या वाचकासाठी लिहीत असाल तर मेक्सिको निवडा, माद्रिदच्या सवयीवर विसंबू नका. जोडी तिथे सापडलीच नाही, तर तुमचं विशेषण कितीही आवडतं असो, बदला.